लेट्रोझोल सुरू होतंय? मग आधी दात दाखवून या

आईच्या वेळी माझ्याकडून मोठी चूक झाली, आणि आता मावशीची लेट्रोझोल, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी, सुरू होतेय म्हणून बसून लिहितेय.

ही गोळी अंगातलं इस्ट्रोजेन जवळपास संपवते, कॅन्सरसाठी तेच हवं असतं पण हाडंही त्याच्याच जोरावर असतात, आणि गोळी सहसा निदान ५ वर्षं चालते. म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद, आणि वर्ष-दोन वर्षांनी परत कराल तेव्हा शक्यतो त्याच मशीनवर, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. रिपोर्टमधला टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली.

आता दात. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सांगितलं की आधी दात दाखवा! आईला डे केअरमध्ये खुर्चीत बसवलं, सिस्टर शीर शोधत होत्या आणि सहज विचारलं, "दात दाखवलेत ना?" आईची खालची दाढ कित्येक महिने हलत होती, भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूने चावायची, मी रोज समोर बसून बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. तसेच परत आलो. दाढ काढली, जखम भरेपर्यंत थांबलो, दोन महिने गेले. या इंजेक्शननंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडंच राहतं. डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या इंजेक्शनलाही हेच लागू. तेव्हा काढायचा दात, रूट कॅनाल, टोचणारी कवळी, सगळं आधी. दुखत नाही म्हणून टाळू नका, आईचीही दुखत नव्हती.

इंजेक्शनआधी रक्तात व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते कळतं) बघायचं. डी कमी असेल तर आधी भरून काढा, नाहीतर इंजेक्शननंतर कॅल्शियम घसरतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये ४ तासांचं अंतर. दूध, नाचणी, तीळ माहीतच आहे.

पहिल्या झोलेड्रॉनिकनंतर ताप, अंगदुखी एक-दोन दिवस, पाणी भरपूर. डेनोसुमॅब दर ६ महिन्यांनी, तारीख अजिबात चुकवू नका आणि डॉक्टरांना न विचारता बंद तर मुळीच नको, मणके मोडू शकतात. सांधे आखडले तरी लेट्रोझोल मनाने सोडायची नाही. रोज चालणं. बाथरूममध्ये धरायला दांडी.

आणि दात. पुढेही कधी दाताचं काम निघालं तर डेंटिस्टला इंजेक्शनचं आधी सांगा. मावशीची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, डेक्साच्याही आधीची.