युनिटास की ब्रेडी? वेगवेगळ्या काळातले क्वार्टरबॅक तोलताना या चुका टाळा

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी आमच्या न्यू जर्सीतल्या घरी दहा-पंधरा मराठी माणसं जमतात. वड्यांचा पहिला घाणा संपायच्या आत वादाला तोंड फुटतं, आणि वाद दरवर्षी तोच: आजवरचा सर्वांत मोठा क्वार्टरबॅक कोण? माझा मेहुणा टॉम ब्रेडीचा भक्त. शेजारचे आजोबा बाल्टिमोरला वाढलेले, ते जॉनी युनिटासच्या पुढे दुसरं नावच येऊ देत नाहीत. मी लहानपणी गावसकर मोठा की तेंडुलकर यावर जेवणं थंड केलेली आहेत, त्यामुळे हा वाद कुठे आणि कसा अडकतो ते मला लांबून दिसतं. दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांच्या हातातली मापं वेगळी असतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चालीचा चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे दोन-तीन सेकंदांत ठरतं, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात. त्याच्या फेकीने (पासने) संघ किती यार्ड पुढे सरकला आणि किती पास मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे, म्हणजे टचडाउनमध्ये, संपले यावर त्याचं माप घेतात.

कच्चे आकडे शेजारी-शेजारी मांडणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मेहुणा फोन काढतो: ब्रेडी, ८९,२१४ यार्ड, ६४९ टचडाउन पास. युनिटास, ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन. संपलं! आजोबांचा १९५९ सालचा पगार आणि नातवाचा आजचा पगार शेजारी ठेवून नातू जास्त कर्तबगार म्हणण्यासारखंच हे. रुपयाचा भाव मध्ये बदलला, तसा यार्डाचाही बदलला.

किती बदलला ते १९७७चा हंगाम पाहिला की कळतं. त्या वर्षी एका संघाचे सामन्यामागे सरासरी १७.२ गुण होत होते. पासिंगमध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला बफेलोचा जो फर्ग्युसन, २,८०३ यार्डांवर. पुढच्या वर्षी लीगने दोन नियम बदलले. रिसीव्हर (पास झेलणारा) पाच यार्डांच्या पुढे गेला की बचावपटूने त्याला धक्काबुक्की करायची नाही, हा पहिला. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसीव्हरांना असा काही रगडायचा की लोकांनी नियमाला त्याचंच नाव चिकटवलं. दुसरा नियम क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणाऱ्या लाइनमनसाठी: त्यांना हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवायची मोकळीक मिळाली. म्हणजे फेकणाऱ्याला उभं राहायला वेळ मिळाला आणि झेलणाऱ्याला पळायला वाट. १९८४मध्ये मायामीच्या डॅन मरिनोने ५,०८४ यार्ड फेकले. फर्ग्युसनपेक्षा मरिनो मोठा होताच, पण सात वर्षांत माणसाचा दंड दुप्पट होत नाही.

त्यात हंगामाची लांबीही एकसारखी नाही. युनिटासच्या सुरुवातीच्या काळात हंगामात १२ सामने असायचे, मग १४ झाले, १९७८पासून १६, आणि २०२१पासून १७. तेव्हा किमान सामन्यामागचा आकडा तरी काढावा. फर्ग्युसनचे सामन्यामागे २०० यार्ड, मरिनोचे ३१८. अंतर उरतंच, पण निदान दोन्ही पारड्यांत एकच वजन असतं.

यावर उपाय सोपा आहे: माणसाला त्याच्याच वर्षीच्या इतरांशी ताडून पाहायचं. प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर असे निर्देशांक तयार मिळतात; १०० म्हणजे त्या काळची सरासरी, ११५ म्हणजे सरासरीच्या बराच वर. मला स्वतःला त्याहून आवडणारी कसोटी म्हणजे आधीचा विक्रम कितीने मोडला ते बघणं. एका हंगामातल्या टचडाउन पासांचंच घ्या. सिड लकमनने १९४३मध्ये २८ केले होते. युनिटासने १९५९मध्ये १२ सामन्यांत ३२ केले. पुढे १९६१ला जॉर्ज ब्लँडा आणि १९६३ला वाय. ए. टिटल ३६पर्यंत पोचले. आणि १९८४मध्ये मरिनोने एकदम ४८! ३६ वरून ४८. त्यानंतर ४९वा पास पडायला २००४ उजाडलं, तोही पेटन मॅनिंगच्या हातून. २००७ला ब्रेडी ५०वर, २०१३ला पुन्हा मॅनिंग ५५वर. या रांगेत मोठी उडी एकच दिसते, आणि ती मारणाऱ्याला आयुष्यात एकदाही सुपर बोल जिंकता आला नाही. त्याबद्दल पुढे.

लकमनच्या २८बद्दल मात्र एक इशारा. १९४३ हे युद्धाचं वर्ष. निम्मेअधिक चांगले खेळाडू गणवेशात होते. पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाला तर माणसं कमी पडली म्हणून दोघांनी मिळून एकच संघ उतरवला होता. समोर कोण उभं होतं, हेही विचारायला हवं.

पासर रेटिंगला देववाणी समजणं

हे रेटिंग १९७३ साली आलं. चार गोष्टींचं मिश्रण: किती टक्के पास पूर्ण झाले, पासमागे किती यार्ड, किती टक्के टचडाउन, किती टक्के इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). जास्तीत जास्त १५८.३ होऊ शकतं, आणि हा आकडा इतका विचित्र का, असं नवख्याला वाटलं तर त्यात त्याची काही चूक नाही. महत्त्वाचं हे की सूत्राची पट्टी १९६०च्या दशकातल्या खेळावरून आखली होती. त्या पट्टीवर सरासरी खेळ म्हणजे ६६.७. आज लीगची सरासरी नव्वदच्या आसपास असते.

आता युनिटासचं कारकिर्दीचं ७८.२ वाचा. आजच्या तरुणाला वाटतं, एवढ्यावर तर माणसाला बाकावर बसवतात. त्या काळात तो सरासरीच्या चांगला वर होता. टेरी ब्रॅडशॉचं ७०.९, जो नेमथचं ६५.५. नेमथने तर १७३ टचडाउन दिले आणि २२० चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. तरी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, आहे, आणि केवळ न्यूयॉर्कच्या झगमगाटामुळे नाही: १९६७मध्ये १४ सामन्यांच्या हंगामात ४,००० यार्डांची रेघ ओलांडणारा व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला माणूस तोच.

इंटरसेप्शन एवढे का व्हायचे? कारण पास लांबवर फेकले जायचे. जवळचे, हमखास हातात पडणारे पास साखळीसारखे गुंफून मैदान कापत जायचं, ही रीत १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्शने रुळवली, आणि जो मॉन्टानाचं ९२.३ हे तिचंही फळ आहे. त्याने मॉन्टाना लहान होत नाही. चार सुपर बोलमध्ये ११ टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन नाही, हे कोणत्याही रीतीत अवघडच.

आणखी एक: क्वार्टरबॅक हातात चेंडू असताना किती वेळा आडवा झाला, किती पळाला, चेंडू किती वेळा सुटला, यातलं काहीही या रेटिंगमध्ये मोजलं जात नाही. पायांवर खेळणाऱ्या माणसाचा अर्धा खेळ त्यात दिसतच नाही.

अंगठ्या मोजून निकाल लावणं

विजेत्या संघाच्या खेळाडूला अंगठी मिळते, म्हणून वादात "त्याच्या किती अंगठ्या?" हा ब्रह्मास्त्र-प्रश्न. ब्रेडी ७, मॉन्टाना ४, ब्रॅडशॉ ४.

पण पहिला सुपर बोल झाला जानेवारी १९६७मध्ये. नुसते सुपर बोल मोजले की क्लीव्हलंडचा ऑटो ग्रॅहम शून्यावर बाद! ग्रॅहम १९४६ ते १९५५ अशी दहा वर्षं खेळला, दहाही वर्षं त्याचा संघ अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात होता आणि सात वेळा जिंकला. यातली पहिली चार विजेतेपदं एएएफसी या वेगळ्या लीगमधली, म्हणून काही जण नाक मुरडतात. १९४९च्या हंगामानंतर ती लीग बुडाली, १९५०मध्ये क्लीव्हलंड एनएफएलमध्ये आलं आणि पहिल्याच वर्षी तिथेही जिंकलं. नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. बार्ट स्टारचंही तसंच. ग्रीन बेसाठी त्याची पाच विजेतेपदं आहेत, सुपर बोल म्हणून त्यातले दोनच मोजले जातात.

उलट बाजूही पाहायला हवी. ग्रॅहमच्या एनएफएलमधल्या वर्षांत लीगमध्ये डझन-तेरा संघ होते आणि बहुतेक वर्षी गटात पहिलं आलं की थेट अंतिम सामना. आज ३२ संघ आहेत आणि विजेत्याला तीन-चार बाद सामने काढावे लागतात. शिवाय १९९४पासून पगारावर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे चांगला संघ वर्षानुवर्षं बांधून ठेवता येत नाही. ब्रॅडशॉच्या पिट्सबर्गने १९७४च्या नव्या खेळाडूंच्या एकाच वार्षिक निवडीत हॉल ऑफ फेमचे चार खेळाडू उचलले आणि मनाजोगते सांभाळले. म्हणून ब्रेडीच्या सात जास्त जड भरतात, असं माझं मत आहे. आजोबांना ते पटत नाही.

मरिनोला एकही नाही. एकदा अंतिम फेरी गाठली, जानेवारी १९८५ला, आणि समोर मॉन्टाना. ३८-१६. ट्रेंट डिल्फरकडे मात्र एक अंगठी आहे; ती बाल्टिमोरच्या भन्नाट बचावाने त्याच्या बोटात घातली. डिल्फर मरिनोपेक्षा मोठा असं मेहुणासुद्धा म्हणत नाही. मग अंगठी ही क्वार्टरबॅकची की ५३ जणांच्या संघाची, हे आधी ठरवा.

काम एकच होतं असं धरून चालणं

वॉशिंग्टनचा सॅमी बॉ १९४३मध्ये पासिंगमध्ये पहिला, पंटिंगमध्ये (लाथेने चेंडू लांब धाडण्यात) पहिला आणि बचावाला उभा राहून प्रतिस्पर्ध्याचे पास पकडण्यातही पहिला. आज असा क्वार्टरबॅक बचावात उतरवला तर प्रशिक्षकाची नोकरी संध्याकाळी जाईल. (युद्धाचं वर्ष, हे इथेही लक्षात ठेवा.) युनिटास स्वतः चाली ठरवायचा. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे आणि प्रशिक्षक कानात बोलतो.

पण यावरून "जुने सगळे डोक्याने खेळायचे, आताचे ऐकलेलं म्हणतात" असं कोणी म्हणालं तर थांबवा. ग्रॅहमच्या चाली प्रशिक्षक पॉल ब्राउनच ठरवायचे आणि खेळाडूंच्या अदलाबदलीतून निरोप धाडायचे.

ज्यांना खेळू दिलं नाही त्यांना विसरणं

आपल्याकडे विजय मर्चंटांच्या नावापुढे प्रथम श्रेणीतली ७१.६४ची सरासरी आहे आणि कसोट्या जेमतेम १०. युद्धाने त्यांची वर्षं नेली. अमेरिकेत कित्येकांची वर्षं रंगाने नेली. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नंतर दार उघडलं, पण क्वार्टरबॅकच्या जागेचं नाही. ती "डोक्याची जागा" मानली जायची. १९६८मध्ये डेन्व्हरसाठी मार्लिन ब्रिस्कोने पहिल्याच वर्षी १४ टचडाउन पास दिले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. तो दुसऱ्या संघात जाऊन रिसीव्हर झाला आणि १९७२च्या मायामीच्या अपराजित संघात खेळला.

वॉरन मून १९७८मध्ये कॉलेजातून बाहेर पडला तेव्हा क्वार्टरबॅक म्हणून त्याला एनएफएलच्या एकाही संघाने निवडलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, लागोपाठ पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं अजिंक्यपद) जिंकला, आणि १९८४ला २७ वर्षांचा असताना ह्यूस्टनमधून एनएफएलमध्ये आला. तिथे त्याने ४९,३२५ यार्ड केले. युनिटासपेक्षा नऊ हजारांनी जास्त, उशिरा येऊन. मूनचे आकडे सांगताना ती सहा वर्षं कंसात का होईना, लिहायला हवीत.

काळयंत्रात बसवणं

"युनिटास आज असता तर?" याला उत्तर नाही, कारण प्रश्नात कोणता युनिटास ते सांगितलेलं नाही. १९५५मध्ये पिट्सबर्गने काढून टाकल्यावर तो बांधकामावर काम करायचा आणि सामन्यामागे ६ डॉलर घेऊन ब्लूमफील्डच्या स्थानिक संघात खेळायचा. त्याला आजचा आहार, आजचे डॉक्टर, आजचे नियम द्यायचे की तसाच उचलून आणायचा? ब्रेडी ४५व्या वर्षापर्यंत खेळला यात त्याची शिस्त आहेच. पण २००८मध्ये त्याचा गुडघा गेल्यावर लीगने क्वार्टरबॅकच्या पायांना भिडण्यावर नियम आणखी कडक केला, हेही आहे.

त्याऐवजी प्रश्न तोडून विचारा. एका हंगामाचा कळस कोणाचा? माझं मत मरिनो १९८४ला. कारकिर्दभर जिंकणं? ग्रॅहम आणि ब्रेडी, आणि त्या दोघांत मी नाणं उडवेन. स्वतःच्या काळाचा खेळ बदलून टाकणं? तिथे युनिटास, आणि आजोबा खूश.

आता पॅट्रिक माहोम्स. गेल्या वेळी कोणीतरी त्याला ब्रेडीच्या बाजूला ठेवलं आणि पोहे आले तरी कोणी उठेना. चालू कारकीर्द आणि पूर्ण झालेली कारकीर्द यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. वय जुळवून घ्यायचं. माहोम्सने तिसरा सुपर बोल फेब्रुवारी २०२४ला जिंकला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. ब्रेडीचा तिसरा आला २७व्या वर्षी. त्याचा चौथा यायला तो ३७ वर्षांचा व्हावा लागला.