भरलेली ट्रॉली वाटेत पंक्चर झाली तर या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडचे रस्ते मार्चपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरनी भरून जातात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्हीत मिळून पंधरा-वीस टन माल, रात्रीचा प्रवास, आणि मधेच कुठंतरी फट्ट करून टायर बसतो. आता पंक्चर काढणं आपल्याकडं कुणाला शिकवायला नको, पण दर हंगामात कुणाचा ना कुणाचा जीव जातो तो अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल जाऊन आदळते म्हणून, नाहीतर जॅक निसटून हेल्पर खाली सापडतो म्हणून. टायर-ट्यूबचे पैसे कधीतरी भरून निघतात, माणूस परत येत नाही. म्हणून लिहितोय, आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी हे आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवावं ही मनापासून विनंती.

उतरल्या उतरल्या पाना हातात घेणं

चाक बसलं की ड्रायव्हर उडी मारून खाली येतो आणि सरळ टूलबॉक्स उघडतो. ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी इंडिकेटर चालू करा आणि चालत ट्रॉलीच्या मागं जा, मागचा दिवा खरंच पेटतोय का ते स्वतःच्या डोळ्यानं बघा, कारण फडातनं गाडी बाहेर काढताना वायर तुटलेली असते किंवा दोन ट्रॉल्यांच्या मधली दिव्याच्या वायरची पिन निसटलेली असते आणि सीटवर बसून ते कळत नाही. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी वरून वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचट लोंबत असेल तर मागच्याला तो दिसतच नाही. कोयता गाडीत असतोच, लोंबणारं सगळं छाटून टाका, रिफ्लेक्टरवरची माती फडक्यानं पुसा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग लाल त्रिकोण मागं ठेवा. ट्रॉलीला टेकवून नाही, गावाकडच्या रस्त्याला निदान पन्नास पावलं आणि हायवेला शंभर-दीडशे पावलं मागं. ताशी साठनं येणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते, तिच्या डिपर लाईटचा उजेड पडतो तीस-चाळीस मीटर, म्हणजे त्या पोराला ट्रॉली दिसून ब्रेक दाबायला जेमतेम दोन सेकंद मिळतात, आणि समोरून एखादी गाडी अप्पर मारत येत असेल तर तेवढेही नाहीत. नदीकाठाला पहाटे धुकं असतं तेव्हा तर विचारूच नका. वळणावर गाडी थांबली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडं ठेवा, येणाऱ्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे. सोबत हेल्पर असेल तर त्याला बॅटरी देऊन मागं पाठवा, पण रस्त्याच्या खाली उभं राहून बॅटरी हलवायला सांगा, डांबरावर नाही.

मागची ट्रॉली सोडून निघून जाणं

हे तर सर्रास चालतं. मागची ट्रॉली पंक्चर झाली, रात्रीचा पंक्चरवाला काय येत नाही, कारखान्याच्या यार्डात नंबर मागं पडेल, म्हणून मागची सोडायची आणि पुढची घेऊन वजनकाट्यावर जायचं. घाई कळते, ऊस वाळला की वजन घटतं आणि एक खेप बुडाली तर पुढचं सगळं गणित कोलमडतं. पण ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. ट्रॅक्टरची पिन काढली की त्या ट्रॉलीवर एक पण दिवा राहत नाही, आणि अख्खी रात्र सात-आठ टनांचा काळा ढीग रस्त्याला उभा राहतो.

सोडायचीच वेळ आली तर आधी ती डांबराच्या पूर्ण खाली घ्या, जवळ पेट्रोल पंप, धाबा, कुणाचं रिकामं रान असेल तर तिथं विचारून लावा. बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा मिळतो, तो प्रत्येक ट्रॉलीला एक असा कायम गाडीत ठेवा आणि ट्रॉली सोडताना मागं बांधा. शिवाय एक माणूस तिथं थांबलाच पाहिजे. आणि दोन चाकी ट्रॉली असेल तर भरलेली असताना ती ट्रॅक्टरपासून सोडूच नका, पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर असतो, पिन काढली की एकतर ड्रॉबार (ट्रॉली ओढायचा पुढचा दांडा) खाली आदळतो नाहीतर माल मागं जास्त असेल तर ड्रॉबार वर उसळतो, दोन्हीत माणसाचे हातपाय मोडतात.

जिथं बसला तिथंच थांबणं, किंवा तसंच रेटत नेणं

इथं दोन टोकाची माणसं भेटतात. एक जण टायर वाचवायला पुलावर नाहीतर वळणावर जागच्या जागी गाडी थांबवतो, दुसरा म्हणतो कारखाना पाच किलोमीटरवर आहे, हळूहळू जाऊ. दोघांचं चुकतं. पूल, वळण, चढ सोडून सपाट जागा मिळेपर्यंत शे-दोनशे मीटर चालण्याच्या वेगानं गाडी न्या, ट्यूब गेली तर गेली. पण त्याच्या पुढं रेटू नका, कारण ट्यूबच्या चिंध्या होतात, टायर आतनं कापला जातो, डिस्कची, म्हणजे चाकाच्या लोखंडी भागाची, कड वाकते, आणि उंच भरलेली ट्रॉली एका अंगाला कलली की एखादा खड्डा सगळा ऊस पालथा करायला पुरतो.

जॅक कुठंही लावणं

नीट वाचा, इथं सगळ्यात जास्त दुखापती होतात. भरलेल्या चार चाकी ट्रॉलीचं एका चाकावर अडीच-तीन टन तरी वजन येतं आणि ट्रॉली कललेली असली तर त्याहून जास्त, म्हणून कारच्या जॅकचा इथं उपयोग नाही, वीस टनी बाटली जॅक ठेवा. तो जॅक साईडपट्टीच्या मातीवर कधीच टेकवू नका. आपल्याकडची काळी जमीन वरनं कडक दिसते, कॅनॉलचं नाहीतर पाटाचं पाणी शेजारनं गेलेलं असतं, जॅक वर चढतोय असं वाटतं पण खरं तर त्याचं बूड खाली रुततंय, आणि मग एका क्षणी तिरका होऊन निसटतो. दीड फूट लांब, फूटभर रुंद जाड लाकडी फळी गाडीत कायम ठेवा, तिच्यावर जॅक. तुटकी फरशी, विटा यांच्यावर नाही, भार आला की त्या फुटतात.

जॅक एक्सलखाली लावायचा, पाट्याच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) जवळ. चॅसिसखाली लावला तर आधी पाटे मोकळे होतात आणि चाक उचलायच्या आधी सगळी ट्रॉली दुसऱ्या अंगाला झुकते. पुढच्या एक्सलचं चाक असेल तर अजून एक भानगड आहे, तो एक्सल वळणासाठी टर्नटेबलवर (गोल फिरत्या कड्यावर) फिरतो, ड्रॉबार वाकडा असताना उचलायला गेलात तर एक्सल जॅकसकट फिरू शकतो, म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत सरळ उभे करा आणि मगच उचला.

उचलायच्या आधी ट्रॅक्टर बंद, गिअरमध्ये, पायब्रेक दाबून लॉक केलेला, आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून लावायचा अडसर. एकाच बाजूनं लावलेला दगड कामाचा नाही, कारण उतार कुठल्या अंगाला आहे ते अंधारात फसवतं. चाक जमिनीवरून सुटलं की एक्सलखाली लगेच लाकडी ठोकळे रचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉली ठेवू नका, त्याचं ऑईल सील कधी गळेल सांगता येत नाही. आणि ट्रॉली वर असताना डोकं, खांदा आत घालून कुणी वाकायचं नाही, ड्रायव्हर नाही, हेल्पर नाही, आणि मदतीला आलेला वाटसरू तर अजिबात नाही.

नट उलटे फिरवत बसणं

नट जमिनीवर चाक असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जुन्या ट्रकचा एक्सल बसवलेल्या काही ट्रॉल्यांना डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे बोल्ट असतात, बोल्टच्या टोकावर बऱ्याचदा इंग्रजी एल ठोकलेला असतो. तिथं पान्याला पाइप घालून दोघं-दोघं लटकतात आणि नट ढिला व्हायच्या ऐवजी बोल्टच तुटतो. उजेडात एकदा बघून ठेवा आणि डिस्कवर ऑईल पेंटनं बाण काढून ठेवा, रात्री नवीन ड्रायव्हर असला तरी चुकणार नाही.

रिंगवाली डिस्क, म्हणजे टायर धरून ठेवायला वेगळी लोखंडी रिंग बसवलेली, असेल तर तिच्याशी खेळ नको. नट ढिले करायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, कारण रिंगेला तडा गेलेला असेल तर आत हवा असताना ती सुटून तोंडावर येते आणि अशा अपघातात माणूस वाचणं अवघड असतं. हवा भरताना पण रिंगेच्या समोर उभं राहू नका, लांब नळी लावून बाजूला थांबा, रिंगेवरून साखळी गुंडाळून घ्या. आणि टायर चढवलेल्या डिस्कला वेल्डिंग तर कधीच नाही.

नवीन चाक बसवलं की नट समोरासमोरचे आवळत जा, ओळीनं नाही. आणि पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून परत एकदा पाना लावा, भरलेल्या ट्रॉलीचे नट पहिल्या खेपेत हमखास ढिले पडतात.

निघताना दगड रस्त्यातच टाकून जाणं

चाकाला लावलेले दगड, मागं मांडलेल्या फांद्या, सगळं तिथंच ठेवून ट्रॅक्टर निघून जातो. तासाभरानं कुणीतरी घरी निघालेला दूधवाला, फॅक्टरीतनं सुटलेला कामगार त्या दगडावर जातो. हे वाचून राग आला तरी चालेल, पण हे आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या हातनं होतं. शेवटचं काम म्हणजे बॅटरी मारून रस्ता बघायचा, दगड उचलून पार रानाच्या कडेला टाकायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. लाकडी उट्या गाडीतच ठेवल्यात तर दगड शोधायचीच गरज नाही.

तेच चाक परत परत पंक्चर होतंय

मग ट्यूबला दोष देऊ नका, टायरच्या आत बघा. ऊस तोडल्यावर राहिलेले तिरके बुडखे भाल्यासारखे असतात, बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून आत राहतो आणि ट्यूब बदलली तरी पुन्हा पुन्हा टोचतो. टायरच्या आतनं सुती फडकं फिरवा, काटा किंवा तार असेल तिथं अडकतं, नुसता हात फिरवलात तर हात फाटेल. फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) बघा, तो फाटलेला किंवा चुकीच्या मापाचा असला की डिस्कचा गंज ट्यूब खातो. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठं येतात ते पंक्चरवाल्याला समोर दाखवायला सांगा, आणि रेट आधी ठरवा. हवा टायरच्या बाजूवर जेवढी लिहिलीय त्या हिशोबानं सकाळी टायर गार असताना तपासा, कमी हवेवर भार ओढला की टायर तापून आतनं सुटतो.

स्टेपनीचं पण बघा. ट्रॅक्टरचं चाक ट्रॉलीला बसत नाही हे उघड आहे, पण दोन ट्रॉल्या वेगवेगळ्या ठिकाणी बनवलेल्या असल्या तर एकीचं चाक दुसरीला पण बसत नाही, बोल्टांचं अंतर वेगळं असतं. शक्य असेल तर दोन्हींना एकच माप करून घ्या. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचं पंक्चर मात्र वाटेत स्वतः करायला जाऊ नका, ते चाक एकट्याला आवरत नाही आणि ट्यूबमध्ये पाणी भरलेलं असेल तर अजूनच जड, गाडीवर कॉम्प्रेसर घेऊन येणारा पंक्चरवालाच बोलवा.

मदत मागताना जागा नीट न सांगणं

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा, हा महामार्ग प्राधिकरणाचा चोवीस तास चालणारा फुकट नंबर आहे, टोलनाक्यावरची पेट्रोलिंगची गाडी आणि क्रेन तिथनं मिळते. बाकी रस्त्यावर आणि वाहतुकीला धोका असेल तर ११२. कुणाला लागलं असेल तर १०८. "अमुक गावच्या पुढं थोडं" असं सांगून गाडी येत नाही, किलोमीटरचा दगड शोधा, पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, त्यावरचा आकडा आणि तुम्ही कुठल्या बाजूच्या लेनला आहात ते सांगा. भरलेली ट्रॉली आहे, वजन एवढं आहे हे पण पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर छोटी क्रेन येते आणि तशीच परत जाते. कारखान्याच्या शेतकी ऑफिसला आणि टोळीच्या मुकादमाला पण लगेच कळवा, रिकामी ट्रॉली आणि माणसं मिळाली तर ऊस तिकडं भरून टाकता येतो.

आणि एक कागदाचं. कायद्यानं ट्रॉली हे वेगळं वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचा आपोआप झाला असं समजू नका, पॉलिसी काढून दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर त्यात लिहिलेत का बघा. रस्त्यात मदतीची सोय पॉलिसीत घेतली असेल तर ती भरलेल्या ट्रॉलीला चालते की फक्त ट्रॅक्टरला, हे एजंटला सरळ विचारा आणि लेखी घ्या. नंबर नसतील तर हंगामाच्या आधी घालून घ्या, हंगाम चालू असेल तर उद्याची खेप भरायच्या आधी.