घरासाठी प्रोजेक्टर घेताय? आधी टेप काढा

आधी टेप घेऊन भिंत ते सोफ्यामागची जागा मोजा, कारण आपल्या नाशिकच्या सिडको-इंदिरानगरच्या वन बीएचकेत हॉल असतो केवढासा आणि लोक १५० इंची पडद्याच्या जाहिराती बघून बसतात. हिशोब सोपा आहे, १०० इंची चित्र साधारण सव्वासात फूट रुंद, त्याला थ्रो रेशोने (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) गुणायचं, म्हणजे रेशो १.२ असेल तर प्रोजेक्टर भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर हवा. तेवढी जागा नाही? मग शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरावरून मोठं चित्र पाडणारा, बघा, महाग पडतो पण.

दुसरं, बॉक्सवर '९००० लुमेन' वगैरे छापलेलं असतं ना, त्याला काडीचा अर्थ नाही, आन्सी लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. पडदे ओढून रात्री बघायचं तर ५००-६०० मध्ये भागतं, दुपारी मॅच बघायची तर २००० पण कमीच वाटतील, त्यापेक्षा सरळ टीव्ही घ्या.

रिझोल्यूशनचीही तीच गंमत, 'फोर के सपोर्ट' म्हणजे बऱ्याचदा फक्त सिग्नल घेतो, दाखवतो ७२० पी. नेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः खरंच दाखवतो ते, १०८० पी असेल तरच पैसे काढा. एमजी रोडला दुकानात गेलात तर सबटायटल असलेलं काहीतरी लावायला सांगा आणि कोपऱ्यातली अक्षरं बघा, मध्ये शार्प आणि कडेला धूसर असेल तर राहू द्या. किस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायची सेटिंग) फार ओढू नका, पिक्चर सरळ होतं पण क्वालिटी मार खाते. आवाजासाठी साधा साउंडबार जोडा, आतले स्पीकर नावालाच असतात. फॅन किती घोंघावतो तेही तिथेच ऐका.