सोनं रोळायचं कसं

लहानपणी कोल्हापूरच्या गुजरीत मी पहाटे झारेकरी पाहिलेत. सराफांच्या दारातली धूळ, गटारीतला गाळ गोळा करून ते घमेल्यात धुवायचे. ती विद्या माझ्या हाताला लागली मात्र मेलबर्नला आल्यावर, बॅलरॅटजवळच्या क्रेझिक गावी, स्लेटी क्रीकच्या गार पाण्यात उकिडवं बसून.

आधी परवाना काढा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्याला ‘मायनर्स राइट’ म्हणतात. थोडक्या पैशात मिळतो, दहा वर्षं चालतो. खणायला फक्त हाताची अवजारं चालतात. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत आणि काही ओढ्यांत बंदी आहे, तेव्हा निघण्यापूर्वी नकाशा बघाच.

१८५१ पासून या भागात लाखो हातांनी माती उपसली. तरी बारीक सोनं राहिलंय, आणि ते कुठे थांबतं हे पाणीच सांगतं. ओढा वळतो तिथे आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो. मोठ्या दगडाच्या मागे, मुळांच्या जाळ्यात, तळच्या कातळाच्या भेगांतही तसंच. सोनं पाण्याच्या १९ पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट. म्हणून वरवरची वाळू भरू नका. कातळापर्यंत जा, भेग वाकड्या स्क्रूड्रायव्हरनं खरवडा आणि तिथला चिकट गाळ घ्या.

आता पॅन, म्हणजे गाळ धुवायची पसरट थाळी. नवा असेल तर भांडी घासायच्या साबणानं धुवा. मी धुतला नव्हता, आणि सोन्याची बारीक पानं तेलकट पाण्यावर तरंगत निघून गेलेली डोळ्यांनी पाहिली. गाळ चाळून अर्धा पॅन भरा, पाण्यात बुडवा, ढेकळं बोटांनी विरघळवा. चिखलाच्या गोळ्यात सोनं अडकून बसतं.

पुढची पायरी मला महिनाभर जमेना. मग आईचं तांदूळ रोळणं आठवलं. पाण्यात भांडं हलवत ती तांदूळ अलगद दुसऱ्या पातेल्यात ओघळू द्यायची, आणि खडे तळाशी राहायचे. अगदी तेच करायचं. पॅन पाण्याखाली सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, म्हणजे जड ते खाली बसतं. मग पुढची कड किंचित झुकवा, पाणी आत घ्या आणि वरचा थर त्याच्याबरोबर जाऊ द्या. पुन्हा सपाट, पुन्हा हलवा. घाई होते ती झुकवताना. हलवणं जास्त, झुकवणं कमी ठेवा.

शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. थोडं पाणी ठेवून पॅन हळूच गोल फिरवा, वाळू पंख्यासारखी पसरते आणि तिच्या शेपटाला पिवळा ठिपका दिसतो. उन्हात अभ्रकही चमकतं, म्हणून पॅनवर स्वतःची सावली पाडा. सावलीतही पिवळंच दिसलं तर सोनं. शंका राहिली तर टाचणीनं दाबा: सोनं दबतं, सोन्यासारखं दिसणारं पायराइट हे खनिज फुटतं.

मेटल डिटेक्टरचं, म्हणजे जमिनीतला धातू आवाजानं दाखवणाऱ्या यंत्राचं, थोडक्यात सांगते. १९८० साली किंगोवरजवळ सुमारे २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ गोळा डिटेक्टरनंच सापडला, पण तुम्हाला आधी खिळे आणि शिशाचे छर्रेच मिळतील. तरीही प्रत्येक आवाज खणा, कारण छर्रा आणि सोन्याचा छोटा दाणा सारखेच बोलतात. हेडफोन लावा. वस्तू दिसेना तर उकरलेली माती मुठीत घेऊन कॉइलवरून (डिटेक्टरच्या खालच्या तबकडीवरून) फिरवा. आवाज आला तर निम्मी माती दुसऱ्या हातात घ्या, परत फिरवा. (दोन्ही हातांत अंगठी नको.) खड्डा तिथल्या तिथे बुजवा. जुन्या खाणींची उघडी विवरं गवतात लपलेली असतात, लेकरांना हात सोडून पळू देऊ नका.

काळी वाळू ओढ्यात टाकून येऊ नका. घरी पसरून वाळवा, लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. लोखंडी कण निघून जातात. उरलेले पिवळे कण ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून पाण्यानं भरलेल्या कुपीत सोडा. ते सरळ तळाला जातात.