‘सावली’ची ‘सावळी’ झाली तेव्हा

शब्दांतून चित्रं काढायचं काम मी पुण्यात नऊ वर्षं करतेय. नवी मुलं बहुधा अक्षरगणेशापासून, म्हणजे नावाच्या अक्षरांतून गणपती काढण्यापासून, सुरुवात करतात. मीही तशीच केली. पण खरं शिकले ते कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या पाटीवर.

बंगल्याचं नाव ‘सावली’. मी ‘ल’ला पानं फोडली, भरगच्च झाड केलं. पाटी लागली आणि चार दिवसांत काकूंचा फोन आला, “चित्र छान आहे गं, पण कुरिअरवाला ‘सावळी बंगला हाच का?’ म्हणून विचारत होता.” मराठी वळणाच्या ‘ल’ची पोटं खालून उघडी असतात, ‘ळ’ची बंद. माझ्या पानांनी ती मिटवून टाकली होती.

म्हणून सांगते, आधी अक्षर, मग चित्र. बोरू घ्या किंवा कट निब (सपाट, तिरक्या टोकाचं निब), पण देवनागरीसाठी टोकाचा छेद रोमनच्या उलट तिरका लागतो, हे विकत घेतानाच बघा. टोकाची जाडी हेच माप धरायचं. मी शिरोरेषेखाली पाच टोकं उंची धरते. सहा महिने नुसती बाराखडी गिरवा. कंटाळा येतो, मलाही यायचा. पण काना कुठे जाड होतो आणि वेलांटी कुठे वळते, हे हाताला कळल्याशिवाय अक्षर मोडायचा हक्क मिळत नाही.

जमलं तर मोडी लिपीही शिका. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुनी कागदपत्रं बघून मी थक्क झाले होते. आधी पूर्ण ओळीची रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं! अक्षराला अक्षर कसं जोडावं, हे मला तिथे उमगलं. अक्षरकार कमल शेडगे यांनी काढलेली मराठी नाटकांची शीर्षकंही जुन्या जाहिरातींत शोधून बघा. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरलेला असतो, तरी वाचताना कुठेही अडखळायला होत नाही.

संगणकावर पुष्कळ फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे देतात. राज्य सरकारने 2009 च्या निर्णयात मराठी वळण प्रमाण ठरवलं आहे, तेव्हा ही दोन अक्षरं मी कायम हाताने काढते. व्यवहाराचं थोडक्यात: निम्मे पैसे आधी घ्या, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते लिहून द्या. आणि पक्कं करण्याआधी चित्र अशा माणसाला दाखवा, ज्याला तो शब्द माहीत नाही. मी आमच्या इस्त्रीवाल्या दादांना दाखवते.

ती पाटी मी पैसे न घेता पुन्हा केली. साधं ‘सावली’ लिहून बघत बसले, तेव्हा दिसलं की शेवटच्या दीर्घ वेलांटीचा दंड म्हणजे खोड आहे आणि वरचं वळण ‘ल’वर आपसूक वाकलंय. मी फक्त ते वळण जरा रुंद केलं. पान एकही काढलं नाही.