कॅनाल धुताना क्रम सांभाळा, डेंटिनमधले एन्झाइम आवरतील

रूट कॅनालनंतर दाताच्या मुळात आधाराला बसवलेली फायबर पोस्ट कोअरसकट (तिच्यावर उभारलेल्या भरावासकट) निघून आली की दोष बहुतेकदा सिमेंटला दिला जातो. खरं कारण बरेचदा आधी कॅनाल (दाताच्या मुळातली पोकळी) कशानं आणि कोणत्या क्रमानं धुतला, यात असतं. ठाणे-नवी मुंबईत क्लिनिक चालवणाऱ्या किंवा नेरूळ, कामोठ्याच्या कॉलेजांत इंटर्नशिप करणाऱ्या दंतवैद्यांसाठी ही कामाची पद्धत.

डेंटिनमधल्या (एनॅमलखालच्या दाताच्या भागातल्या) सेंद्रिय भागात सुमारे 90 टक्के कोलॅजेन, म्हणजे तंतुमय प्रथिन, असतं. त्याच्यात मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, म्हणजे एमएमपी 2, 8, 9 आणि 20, तसेच सिस्टीन कॅथेप्सिन हे एन्झाइम खनिजाखाली सुप्त पडून असतात. आम्लानं खनिज निघालं की कोलॅजेन उघडं पडतं, एन्झाइम जागे होतात आणि रेझिन (पोस्ट चिकटवणारं द्रव्य) जिथे नीट भरलेलं नाही तिथले तंतू हळूहळू तुटू लागतात. एमएमपींना काम करायला झिंक आणि कॅल्शियम लागतं.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ऊतक विरघळवतं, म्हणून फाइलिंग (फाइलनं कॅनाल घासून साफ करणं) सुरू असताना त्याला पर्याय नाही. ते कोलॅजेनही खातं आणि वरच्या थरातले एन्झाइमही निकामी करतं, पण त्याची पोहोच मर्यादित असते. खालच्या थरात कोलॅजेन आणि एन्झाइम शिल्लक राहतात. तीव्रता आणि वेळ वाढेल तशी डेंटिनची वाकण्याची ताकद कमी होते. म्हणून रोजच्या कामाला 2.5 ते 3 टक्के पुरेसं धरा आणि जास्त वेळा ताजं भरा. 5.25 टक्क्यांचं हायपो असेल तर 10 मिलीत 11 मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की 2.5 टक्के होतं.

रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नका. बाजूला छिद्र असलेली 30 गेजची सुई वर्किंग लेंग्थपेक्षा (कॅनालच्या मोजलेल्या लांबीपेक्षा) 2 मिमी कमी ठेवा आणि सतत हलवत राहा. सुई कॅनालमध्ये अडकवून दाब दिला तर हायपो मुळाच्या टोकाबाहेर जातं; मग रुग्णाला तीव्र वेदना आणि लगेच सूज. प्रत्येक फाइलनंतर सुमारे 2 मिली सोडा.

फाइलिंग संपलं की 17 टक्के ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं द्रावण), कॅनालमागे 3 ते 5 मिली, एक मिनिट. ईडीटीए झिंक आणि कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे एमएमपी तेवढ्यापुरते दबतात. पण ते धुऊन निघालं आणि धातूंचे आयन परत मिळाले की काम पुन्हा चालू होतं. दहा मिनिटं ठेवल्यास डेंटिन झिजतं. ईडीटीएनंतर परत हायपो मारण्याची सवय मात्र सोडा, कारण आता उघड्या पडलेल्या कोलॅजेनवर ते थेट तुटून पडतं आणि डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांची तोंडं खरवडली जातात.

पुढे 5 मिली सलाईन किंवा डिस्टिल्ड वॉटर, मग एमएमपी दाबणारं जंतुनाशक, 2 टक्के क्लोरहेक्सिडीन, एक मिनिट. मधली धुलाई का, ते डॅपन डिशमध्ये (औषधाच्या छोट्या वाटीत) पाहा: हायपोच्या थेंबात क्लोरहेक्सिडीनचा एक थेंब सोडला की लगेच नारिंगी-तपकिरी साका बसतो. कॅनालमध्ये तोच नलिका बुजवतो आणि पेपर पॉइंट (कॅनाल टिपायची कागदी काडी) तपकिरी होऊन बाहेर येतो. ईडीटीएबरोबर पांढरा साका होतो. क्लोरहेक्सिडीन ऊतक विरघळवत नाही, त्यामुळे हायपोऐवजी ते वापरता येत नाही. आधी अ‍ॅलर्जी विचारून घ्या.

पोस्ट बसवण्याच्या भेटीत हायपो टाळा. त्यातून राहिलेला ऑक्सिजन रेझिनला कडक होऊ देत नाही. आधीच वापरून झालं असेल तर ताजं 10 टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे 10 मिली पाण्यात 1 ग्रॅम, दहा मिनिटं ठेवून धुवा. पोस्टची जागा तयार करून धुतल्यावर फॉस्फोरिक आम्ल 15 सेकंद, भरपूर पाणी, मग 2 टक्के क्लोरहेक्सिडीन 60 सेकंद. ते धुवायचं नाही, पेपर पॉइंटनं फक्त टिपायचं आणि ओलसर डेंटिनवर बाँडिंग (रेझिन चिकटवणारा द्रव) लावायचं. यानं एमएमपी कायमचे थांबत नाहीत, पण जोड जास्त काळ टिकतो. सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह (स्वतःच चिकटणाऱ्या) सिमेंटमध्ये आम्लाची पायरी नसते, तिथे उत्पादकाच्या सूचनेनं जा.

हायपोची बाटली गडद रंगाची, झाकण घट्ट, उन्हापासून दूर ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत रात्री क्लिनिकचा एसी बंद असताना खोली तापते आणि उघडलेल्या बाटलीतला क्लोरीन लवकर उतरतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.