मॉडेल नकाशावर बसत नाही म्हणून स्केल करू नका रे बाबांनो

सिव्हिल झालं, रेव्हिट (इमारती-पुलांचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) येतं, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) जरा जरा येतं, आता पुढे काय असं विचारणारे ज्युनियर वर्षभरात बरेच भेटले म्हणून एकदाच लिहून ठेवतो. नकाशाचा लेयर कसा लोड करायचा, क्लॅश (मॉडेलमध्ये एकमेकांत घुसलेले भाग) कसा काढायचा हे तुम्हाला येतच असणार, त्यात मी पडत नाही. सांगणार आहे ती एकच गोष्ट, जिने मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रडवलं, अगदी अक्षरशः.

पुण्याजवळचं काम, साडेतीन किलोमीटरचा व्हायाडक्ट, म्हणजे खांबांवरचा लांब पूल, 30 मीटरचे स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, त्यांवर गर्डर (तुळया). अलाइनमेंट (पुलाची मधली रेघ) आली होती टोटल स्टेशनच्या, म्हणजे ट्रायपॉडवरून कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, सर्व्हेवरून, म्हणजे जमिनीवर मोजलेली अंतरं, आणि ड्रोनचा ऑर्थोफोटो (वरून घेतलेला, नकाशासारखा मोजता येणारा फोटो), पाण्याच्या लाइनी, केबली हे सगळं जीआयएसमधून (डिजिटल नकाशांमधून), यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या झोन 43 मध्ये. मी पहिल्या पिअरला (खांबाला) मॉडेल बसवलं, दिशा फिरवून घेतली, एकदम फिट. मग शेवटच्या पिअरवर जाऊन बघतो तर तो मीटरभर पुढे, थेट कुणाच्यातरी कंपाउंडच्या भिंतीवर. मला वाटलं सर्व्हेवाल्यांनी घाण केलीय. टीम लीडला दाखवलं तर तो म्हणाला, अरे 0.9997 ने स्केल करून टाक ना, जुळलं की झालं. केलं. जुळलं. नेव्हिसवर्क्समध्ये (सगळी मॉडेल एकत्र बघायचं सॉफ्टवेअर) इतकं देखणं दिसत होतं की क्लायंटच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं आणि मी ते मिरवलंही, खोटं कशाला बोलू.

पायलिंगला आठवडा राहिला असताना साइटवरच्या सर्व्हेअर काकांचा फोन आला. आयटीआय झालेला माणूस, वीस वर्षं ट्रायपॉड खांद्यावर. म्हणाले, "साहेब, तुमच्या पिअरच्या लिस्टवरनं दोन पिअरमधलं अंतर 29.991 येतंय. गर्डर 9 मिलीनं आखूड ओतायचा का?"

पोटात गोळाच आला.

आता हे नीट वाचा, लागलं तर दोनदा वाचा. यूटीएममध्ये गोल पृथ्वीचा 6 अंशांचा एकेक पट्टा (झोन) सपाट करताना मधल्या रेखावृत्तावर अंतर मुद्दाम 0.9996 पट धरलेलं असतं. झोन 43 चं मधलं रेखावृत्त 75 अंश पूर्व, ते आपल्या नगर जिल्ह्यातून जातं. म्हणजे तिथे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर 40 सेंटिमीटरने कमी भरतो. मध्यापासून लांब जावं तशी ही तूट कमी होत जाते, साधारण 180 किलोमीटरवर शून्य होते आणि त्यापुढे उलटं सुरू. पुणं मध्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला, त्यामुळे इथे तूट 22 सेंटिमीटर. बरं एवढ्यावर संपत नाही, कारण नकाशाचं गणित इलिप्सॉइडच्या, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकाराच्या, पृष्ठभागावर चालतं आणि आपण उभे असतो त्याच्या साधारण 500 मीटर वर, त्याचे अजून 8. झाले किलोमीटरला 30 सेंटिमीटर. गुणिले साडेतीन केलं की 105. ती माझी भिंत! कुणीही घाण केलेली नव्हती, दोन्ही सर्व्हे बरोबर होते, फक्त एक जमिनीवरची अंतरं बोलत होता आणि दुसरा नकाशावरची, आणि मी मध्ये पडून जमिनीवरचा गर्डर नकाशाच्या मापाने कापला.

बिल्डिंगकडून आलेले लोक यात हमखास अडकतात कारण 60 मीटरच्या इमारतीत हा फरक 18 मिलिमीटर, कुणाच्या लक्षातही येत नाही. रस्ता, मेट्रो, कालवा, पाइपलाइन, काम लांब झालं की सगळं उघडं पडतं.

मग केलं काय, तर मॉडेल परत जमिनीच्या मापात आणलं आणि नकाशालाच त्याच्याकडे बोलावलं. साइटमधून जाणारं मधलं रेखावृत्त धरून स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर (यूटीएम ज्यावर उभं आहे ते सपाट करायचं गणित) बनवलं, स्केल फॅक्टर 1.000078, म्हणजे उंचीचे ते 8 सेंटिमीटर भरून निघतात, आणि जीआयएसचे सगळे लेयर त्यात रीप्रोजेक्ट केले, म्हणजे नव्या पद्धतीत बदलून घेतले. 118 पिअरची लिस्ट नव्याने काढायला तीन रात्री गेल्या, काकांनी एकेक अंतर तपासलं. टीम लीड त्या तीन रात्री दिसला नाही, असो. आयएफसी 4 मध्ये (मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइल फॉरमॅट) मॅप कन्व्हर्जन म्हणून जागाच दिलेली आहे, ईस्टिंग, नॉर्दिंग (नकाशावरचे पूर्वेचे आणि उत्तरेचे मीटर), उंची, फिरवण, स्केल सगळं तिथे लिहिता येतं, पण मी उघडलेल्या निम्म्या फाइलींत ते रिकामं असतं. आणि यूटीएमचे आकडे तसेच्या तसे रेव्हिटमध्ये टाकू नका, पुण्याचं नॉर्दिंग वीस लाखांच्या पुढे जातं आणि रेव्हिट आतल्या ओरिजिनपासून (शून्य बिंदूपासून) 16 किलोमीटरच्या पलीकडे गडबडतं. शेअर्ड कोऑर्डिनेट्स त्यासाठीच आहेत, मॉडेल ओरिजिनजवळ ठेवून खरी जागा वेगळी नोंदवायला.

बाकीच्या चुका इतक्या मोठ्या असतात की आपोआप सापडतात. डीजीपीएसची (अचूक जीपीएसची) उंची इलिप्सॉइडपासूनची असते, ती समुद्रसपाटीची समजलात तर आपल्याकडे पूल साठेक मीटर जमिनीत जातो, शिपायालाही दिसेल. झोन चुकला तरी दिसतं; अमरावती 43 मध्ये आणि नागपूर 44 मध्ये, समृद्धीसारख्या 701 किलोमीटरच्या रस्त्याला दोन्ही लागतात. घाबरायचं ते छोट्या चुकीला, जी स्क्रीनवर जुळलेली दिसते.

'सहा महिन्यांत बीआयएम मॅनेजर'वाल्या क्लासला (बीआयएम म्हणजे सगळी माहिती असलेल्या थ्रीडी मॉडेलवरून बांधकाम चालवणं) मी पण पैसे भरलेत, सर्टिफिकेट कुठल्या फाइलीत आहे माहीत नाही. तिथे कोऑर्डिनेट्सवर एक तास होता आणि तो पण सरांना घाई होती. त्यापेक्षा चार दिवस साइटवर सर्व्हेअरच्या मागे प्रिझम (टोटल स्टेशन ज्यावर नेम धरतं तो काठीवरचा आरसा) धरून उभे राहा, ऊन लागेल, चहा मिळेल. मेंटॉर ऑफिसातच भेटतो हा एक गैरसमज आहे. आणि टेन्शन घेऊ नका, यात अकरावीच्या पुढचं गणित नाही, मला कळलं तर कुणालाही कळेल. फक्त कुणी "स्केल करून टाक" म्हणालं तर हात माउसवरून काढा.

आज संध्याकाळी एवढं करून बघा. क्यूजीआयएसमध्ये यूटीएम 43 लावून पुण्यात एक किलोमीटरची रेघ मोजा, एकदा कार्टेशियन (सपाट नकाशावर), एकदा इलिप्सॉइडल (पृथ्वीच्या आकारावर). 22 सेंटिमीटरचा फरक समोर येईल. उरलेले 8 तिथे दिसणार नाहीत, ते उंचीचे आहेत, ते वहीवर काढावे लागतात.